बारावी बरणी

६ मे, सोमवार

लाव्हॉनने कळ्या कापल्या! आज! मेच्या शेवटच्या रविवारला अजून वीस दिवस आहेत! सकाळी पोस्टात जाताना बघितलं — बाई गुडघ्यांखाली उशी घेऊन अंगणात बसलेली, हातात कात्री, बाजूला जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी. पिओनीची एकेक घट्ट कळी लांब देठासकट कापायची, कोरड्या कागदात गुंडाळायची, आणि चर्चच्या तळघरातल्या फ्रिजात नेऊन ठेवायची. देवाने ज्यांना उन्हात फुलायला सांगितलं, त्या बिचाऱ्या आता लोणी आणि उरलेल्या हॅमच्या शेजारी कुडकुडणार.

"यंदा हिवाळा पडलाच नाही आर्डिस," ती कुंपणावरून ओरडली. "तुझी फुलं तोवर गळून जातील. मग बरण्यांत काय देठ ठेवशील?"

"माझी उत्तरेकडची आहेत. त्यांना कॅलेंडर कळतं," मी म्हटलं.

ती हसली. लाव्हॉन हसली की मला दिवसभर पुरतं.

तिचं आणि माझं फूल एकच आहे. मुठीपेक्षा मोठं, पांढरं, भरगच्च, आणि मधोमध लाल शिंतोडे — कोणी लाल शाईचं पेन झटकावं तसे. पूर्ण तालुक्यात हे फूल दोनच घरी. माझं आईच्या हातचं, स्वयंपाकघराच्या पायरीशी लावलेलं. मग तिच्याकडे कुठून आलं? आईच्या झाडाचं मूळ तिने कधीतरी उचललं, हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. तोंडावर कधी बोलले नाही. आम्ही मूळची नॉर्वेजियन माणसं, तसलं तोंडावर बोलत नाही. वहीत लिहितो.

आणि बाईला मोजता येत नाही! आमच्या चर्चची अकरा पोरं लढाईत गेली. शेवटचा माझा भाऊ व्हर्लिन. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वेदीसमोर अकरा बरण्या ठेवायच्या, अकरा नावं वाचायची, घंटेचे अकरा ठोके द्यायचे. पाच बरण्या मी भरते, सहा ती. मग ती सातवी घेऊन येते, म्हणजे एकूण बारावी. तिच्या भावाची. वेदीवर तिला जागा नाही, म्हणून पूर्वी आपल्या बाकावर ठेवायची. मी १९८६ साली घंटेची दोरी हातात घेतली, आणि तेव्हापासून ती बरणी नेमकी टॉवरच्या खिडकीत, माझ्या उजव्या कोपराशी! दर ठोक्याला कोपर लागतं. दोनदा पाणी बुटात गेलंय. मुद्दाम करते.

८ मे, बुधवार

पास्टर नाओमी आली होती. शिकागोची पोरगी, एकतीस वर्षांची, फ्लॅटमध्ये वाढलेली. मागच्या वर्षी आमच्याकडे आली तेव्हा मक्याला सोयाबीन म्हणाली होती. मन मात्र चांगलं. कॉफी दिली, लिंबाच्या वड्या दिल्या. तिसरी वडी उचलली तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मागायला आलीय.

"आर्डिसबाई, मायलो ओस्बीचं नाव यादीत घालायचंय."

मायलो म्हणजे लाव्हॉनचा भाऊ. मी घड्याळाकडे बघितलं.

"नियम तुमच्याच वडिलांनी केलाय," ती म्हणाली. "यादीतल्या प्रत्येक घराची सही हवी. दहा घरांच्या झाल्या. तुमची राहिलीय."

"तो लढाईत नाही गेला. व्हिएतनामहून धडधाकट घरी आला, आणि अडीच वर्षांनी शेडमध्ये आपल्या हाताने गेला. १९७४ साली चर्चच्या समितीने ठरवलंय ते."

"तिकडची गोळी त्याला इकडे येऊन लागली, एवढंच," नाओमी म्हणाली. वाक्य तयार करून आली होती. "दर वर्षी भाषणात म्हणतात ना, स्वातंत्र्याची किंमत. ती देणाऱ्याने तिथेच मरायला पाहिजे असं कुठे लिहिलंय? शुभवर्तमानात तर मला सापडलं नाही."

"वडी घे अजून एक," मी म्हटलं.

कागद ठेवून गेली. वड्याही घेऊन गेली, सहा.

९ मे, गुरुवार

कागद फ्रिजवर लावलाय, कोंबड्याच्या चुंबकाखाली. दूध घ्यायला गेलं की दहा सह्या माझ्याकडे बघतात. समितीतल्या हार्लनची सही सगळ्यांत मोठी. तो बहिरा झाल्यापासून अक्षरसुद्धा मोठ्याने काढतो.

१२ मे, रविवार

आजच्या प्रवचनावर माझा आक्षेप आहे.

आजचं वचन होतं प्रभूच्या बारा प्रेषितांचं. दगा देणारा यहूदा गेला, अकरा उरले, मग चिठ्ठ्या टाकून बारावा निवडला. हे वचन ठरलेलं असतं, तिने मुद्दाम काढलेलं नाही, मी तपासलं. पण सांगताना काय म्हणाली? "अकरा जणांनाही चाललं असतं. जेवायला माणूस कमी, भांडणं कमी. पण प्रार्थनेला बसले आणि त्यांना ती मोकळी जागा दिसायला लागली." आणि माझ्याकडे बघितलं नाही! छताकडे बघितलं! जो माणूस असा मुद्दाम छताकडे बघतो त्याचा रोख कुठे असतो ते मला कळतं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

बाहेर आल्यावर लाव्हॉन म्हणाली, "आज प्रवचन बरं झालं."

"लांबलं," मी म्हटलं.

"तू झोपली नव्हतीस म्हणून लांबल्यासारखं वाटलं."

हिला ना!

१३ मे, सोमवार

दुपारी बाग भांगलली. पायरीजवळच्या झुडपावर चाळीसेक कळ्या, सगळ्यांवर मुंग्या. कागद अजून फ्रिजवर.

१५ मे, बुधवार

हे आजच लिहायला हवं. उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

चर्चच्या समितीची बैठक होती, सहा जण. मी सचिव. लाव्हॉन समितीत नाही, ती मुलीकडे डे मॉईनला गेलेली. नाओमी म्हणाली, आज स्वयंपाक मी केलाय, तुम्ही नेहमी करता. आम्हाला जरा भरूनच आलं. तळघरात लांब टेबल मांडलं, प्रार्थना झाली, झाकण काढलं. खिमा-बटाट्याचं हॉटडिश होतं, ते ठीक. आणि दुसऱ्या ट्रेमध्ये हिरवे गोल गोल काहीतरी. तेल, लसूण, वर मीठ, ओव्हनमध्ये छान करपवलेले.

"छोटे कोबी," ती म्हणाली. "इथल्याच कोणाच्या तरी बागेतले. देठ केवढे लांब ठेवले होते! छाटून टाकले."

मी एक तोंडात टाकला. कडू. अति कडू. मग दाताखाली पाकळ्या आल्या, एकावर एक, पानकोबीसारख्या, पण पानकोबी नव्हे. आणि मग एक मुंगी.

मला कळलं. त्या क्षणी कळलं. टेबलावर नजर फिरवली — सगळ्यांना कळलं होतं! इथे सहा माणसं बसलेली, सहाही शेतावर जन्मलेली, पिओनीची कळी न ओळखणारा एकही नाही. आणि एकजण बोलेल तर शपथ! पोरगी आशेने बघत होती ना. हार्लनने घास गिळला, पाणी प्याला, परत गिळला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"वेगळं आहे," हार्लन म्हणाला.

"हो, वेगळंच आहे," बाकीच्यांनी मान डोलावली.

आमच्याकडे 'छान' म्हणजे बरं, 'बरं' म्हणजे वाईट, आणि 'वेगळं' म्हणजे कुत्र्यालाही घालू नका. पण शिकागोला हे कोणी सांगितलेलं नाही. ती खूश झाली, म्हणाली, "आणखी दोन पुडकी आहेत, तीही टाकते ओव्हनमध्ये!" आणि गेली. हार्लनने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पोरीला बरं वाटावं म्हणून. त्याला नक्की स्वर्गात जागा आहे.

आणि मी? ती दोन पुडकी उघडून ट्रेमध्ये ओतेपर्यंत मला वेळ होता. पूर्ण मिनिट होतं. पुडक्यावर निळ्या शाईत लाव्हॉनचं अक्षर दिसलंही — 'चर्चसाठी'. मी मूग गिळून बसले. मूग कसले, कळ्याच.

१६ मे, गुरुवार

सहाच्या सहा जणांची पोटं बिघडली. हार्लनचं सगळ्यांत जास्त. दुसरं वाढप.

हार्लनच्या बायकोने शेवटी फोन करून नाओमीला खरं सांगितलं. पोरगी रडत माझ्याकडे आली. "कोणीच का नाही बोललं? अहो, तुम्ही सगळे खात होतात!"

"तू एवढं मेहनतीने केलंस," मी म्हटलं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. निदान तिला देण्याजोगं नव्हतं.

लोक पास्टरसाठी भाजी त्या फ्रिजात ठेवतात, म्हणून तिला वाटलं तीही भाजीच. चूक तिची नाही. ती आता लाव्हॉनला फोन करणार. मी म्हटलं कर. झुडपावर एकही कळी उरलेली नाही, लाव्हॉन सगळ्या कापते, नेमाने.

१७ मे, शुक्रवार

आज नॉर्वेचा दिवस. गावात पोरं झेंडे घेऊन फिरली. सायीची लापशी होती, समितीतल्या कोणीही हात लावला नाही.

लाव्हॉन परत आलीय. मला वाटलं ती नाओमीला फाडून खाईल. तिने पोरीला जवळ घेतलं आणि एवढी हसली, एवढी हसली, की डोळे पुसायला लागली. मग डोळे पुसायचे थांबेनात. तेव्हा मला कळलं की आता ते हसणं नाही. "असू दे गं," म्हणाली. "अकरांचं आर्डिस बघेल. माझ्या त्या एकाचं काही नाही, तो तसाही यादीत नाही."

मी कोपऱ्यात कॉफी ओतत होते. ऐकलं.

तर आता खरं लिहिते. खोटं लिहायचं असेल तर ख्रिसमसची पत्रं आहेत, त्यासाठी ही वही नको. बुधवारी ती पुडकी ट्रेमध्ये पडली तेव्हा मला आनंद झाला होता. यंदा कोपराला बरणी लागणार नाही, हा विचार आला होता. असा विचार करून मग मी जेवणानंतरच्या प्रार्थनेला डोळे मिटले.

आणि सही का करत नाही तेही लिहून टाकते. नियमबियम काही नाही.

व्हर्लिन आणि मायलो एकाच दिवशी भरती झाले. दोघे एकाच बाकावर बसून चर्चमध्ये चिमटे काढणारे. व्हर्लिन फेब्रुवारी १९७० मध्ये गेला, खोक्यातून आला, उघडू नका म्हणाले. ऑक्टोबरमध्ये मायलो आला. आपल्या पायांनी. आमच्या पुढच्या दारात उभा राहिला. काखेत गोणपाटाचं पोतं, त्याला माती लागलेली. टोपी काढली. "आर्डिस, मी —" म्हणाला.

मी म्हटलं, "तू कशाला परत आलास?"

एवढंच. आणि दार लावलं. मी वीस वर्षांची होते. पोत्यात काय होतं कोण जाणे; मला वाटायचं व्हर्लिनच्या वस्तू असतील, आणि त्या मी परत पाठवल्या. पुन्हा तो कधी आमच्या दारात आला नाही. १९७३ च्या मार्चमध्ये त्याने स्वतःला संपवलं.

नाव यादीत आलं तर ठोका मला द्यावा लागेल. ज्या हाताने दार लावलं त्याच हाताने. प्रभू मला क्षमा करतो, हे मी दर रविवारी मोठ्याने म्हणते. मायलोचं काय, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

१८ मे, शनिवार

कालचं पान फाडणार होते. पण मागच्या बाजूला लिंबाच्या वड्यांची कृती आहे.

१९ मे, रविवार

पेन्टेकॉस्ट. सगळ्यांनी लाल कपडे घातलेले, पवित्र आत्म्याच्या ज्वाळांसाठी. हार्लनकडे लाल काही नाही, तो शिकारीची टोपी घालून आला. आत टोपी काढायला लागते, मग ती मांडीवर घेऊन बसला. आत्मा मांडीवर उतरला म्हणायचं.

लाव्हॉन भेटली. "तुझी उमलतील ना वेळेवर?" टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही.

"उमलतील," मी म्हटलं.

मला टोमणाच बरा वाटला असता.

२१ मे, मंगळवार

उमलायला लागली! खालच्या फांदीवर चार. मुंग्या पसार.

आता अकराच्या अकरा बरण्या माझ्यावर. एका बरणीत तीन फुलं, म्हणजे तेहतीस. काही कळ्या सुकल्यात, त्या सोडून पस्तीस होतात. हार्लन येऊन म्हणाला, कमी पडली तर माझ्याकडे प्लॅस्टिकची आहेत, वीस वर्षं झाली, एक पाकळी गळलेली नाही. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. पोट बरं झालेलं दिसतंय त्याचं.

२३ मे, गुरुवार

अक्षर आज जाईल तसं जाईल.

लाव्हॉन आली होती. मागच्या दाराने, स्वयंपाकघराच्या पायरीशी. चोपन्न वर्षं शेजारी आहोत, माझ्याकडे काही मागायला ती पहिल्यांदा आली. साखरसुद्धा ती गावातून आणते.

"आर्डिस, तीन फुलं दे. मायलोसाठी. तीन नसतील तर एक दे."

हो म्हणायचं होतं. देवाशपथ हो म्हणायचं होतं! पण तोंडातून पन्नास वर्षांचं बाहेर पडलं. "मूळ उचलून नेलंस तेव्हा विचारलं नव्हतंस. आता फुलांना बरं विचारतेस."

"कसलं मूळ?"

"आईच्या झाडाचं! तुझ्या दारात दुसरं काय फुलतं दर वर्षी?"

ती मग पायरीवर बसली, हळू, गुडघा धरून.

"अगं वेडे," ती म्हणाली. "ते आमच्या आजीचं झाड आहे, शेतावरच्या जुन्या घरातलं; मी नंतर इथे आणलं. तिने नॉर्वेहून आणलेल्या पेटीत नव्हतं, पण आल्यावर पहिलं लावलं ते हेच. तुझ्याकडचं आमचं आहे. मायलोने लावलंय."

"मायलोने?"

"परत आला त्या ऑक्टोबरमध्ये. पहिली गोष्ट काय केली माहितीय? आईला न सांगता झुडूप खणलं आणि मूळ दोन भाग करून कापलं. म्हणाला, व्हर्लिन तिकडे सारखा म्हणायचा, मेमध्ये घरी गेलो की तुमच्या दारातलं ते लाल ठिपक्यांचं चोरणार आहे आईसाठी. तर आता मीच नेऊन देतो. गोणपाटाच्या पोत्यात घालून तुमच्याकडे आला."

मी दाराची चौकट धरली.

"घरी कोणी नव्हतं म्हणाला," लाव्हॉन म्हणाली. "म्हणून इथे पायरीशी लावून आला. पिओनी पहिली दोन-तीन वर्षं फुलत नाही ना, त्याने काही बघितलं नाही ते. पहिलं फूल आलं तोवर तो गेला होता."

आई म्हणायची, मावशीकडून आणलंय.

घरी कोणी नव्हतं म्हणाला. मी होते की! पुढच्या दारात, त्याच्यापासून दोन हातांवर! त्याने ते कोणाला सांगितलं नाही. स्वतःच्या बहिणीलासुद्धा नाही. आणि मी त्याची पन्नास वर्षांची फुलं कापून दर मेमध्ये मिरवली.

"घे," मी म्हटलं. "लागतील तेवढी घे." याच्यापुढे तिला काही सांगता आलं नाही. सांगायला हवं होतं. ती गेल्यावर मी पायरीवर बसून रडले, आणि एक मुंगी बाहीत शिरली, मग रडायचंही राहिलं.

२४ मे, शुक्रवार

सही केली. पहिलं पेन चाललं नाही, दुसरंही नाही. तिसरं नाओमीचंच होतं, इथे विसरलेलं. पोरगी कागद घेऊन गेली, जाताना दारातच मला मिठी मारली. आम्ही तसलं करत नाही. पण केलं.

फ्रिजवरचा कोंबडा रिकामा.

२५ मे, शनिवार

लाव्हॉन आणि मी तळघरात, बारा बरण्या, पस्तीस फुलं. तीन गुणिले बारा छत्तीस. एक कमी! तिने पुन्हा मोजलं. मी पुन्हा मोजलं.

"बघ, मला मोजता येत नाही म्हणतेस," ती म्हणाली. मी हे कधी मोठ्याने म्हटलं होतं?

मग व्हर्लिनच्या बरणीत दोनच ठेवली. चालेल त्याला. लहानपणी माझा पुडिंगचा वाटा खायचा, कुठेतरी फिटायला हवं.

मायलोच्या बरणीत तीन. सगळ्यांत मोठी मी निवडली. लाव्हॉनने बघितलं. लावून झाल्यावर म्हणाली, "आर्डिस, तू परवापासून काहीतरी गिळून बसलीयस. कळ्या नाहीत ना परत?"

"उद्याचं टेन्शन," मी म्हटलं. भित्री कुठली.

२६ मे, रविवार

नावं नाओमीने वाचली, एकेक, थांबून. पहिल्या महायुद्धातल्या तिघांपासून. व्हर्लिन अकरावा. मग तिने श्वास घेतला, मला टॉवरच्या दारातून दिसलं. "मायलो आर्थर ओस्बी," ती म्हणाली. लाव्हॉन बाकावर ताठ बसलेली. पाठ हलली नाही, पण टोपीवरचं फूल हललं.

मग घंटा. मी सुरू केली. खिडकी रिकामी, कोपराला काही लागेना, त्यामुळे माझा ठेकाच चुकला! अडतीस वर्षं मी त्या बरणीवर ठोके मोजत होते, आज कळलं. सातवा का आठवा ते तोंडाने म्हणायला लागलं. अकरावा दिला. आणि हात थांबले. आपोआप. सवयीचे हात, त्यांना कोण सांगणार. दोरी वर गेली ती धरून मी नुसती उभी.

सगळं चर्च बाराव्याची वाट बघतंय.

तेवढ्यात हार्लन. त्याला घंटा ऐकू येत नाही, पण बूट काढून बसतो, म्हणतो फरशीतून कळते. मागे न वळता त्याने हात वर केला. एक बोट. एक राहिला.

मी ओढली. दोन्ही हातांनी, होतं नव्हतं ते सगळं लावून. एवढी मोठी कधीच वाजली नसेल. कबुतरं उडाली. "ये रे मायलो, दार उघडं आहे," म्हटलं. मोठ्याने म्हटलं का मनात, आठवत नाही. पण पहिल्या बाकावर कोणीतरी नाक शिंकरलं.

नंतर तळघरात जेवण होतं. नाओमीने भाजी आणली नव्हती. लोकांनी आग्रह करकरून तिला विचारलं, भाजी का नाही आणली.

लाव्हॉनला अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार. सांगितल्यावर ती माझ्याशी बोलणार नाही कदाचित. मला त्याची भीती वाटते, फार.

२७ मे, सोमवार. मेमोरियल डे

दफनभूमीत भाषणं संपली, लोक पांगले. लाव्हॉन मायलोच्या दगडाजवळचं गवत उपटत होती. मी तिच्यामागे उभी राहून म्हटलं, "त्या दिवशी मी घरी होते."

तिने गवत उपटणं थांबवलं नाही. "माहीत आहे. काय म्हणालीस तेही माहीत आहे. तुझी आई तुझ्या मागेच उभी होती. ती मागच्या दाराने धावली, आणि तो खड्डा दोघांनी मिळून खणला. मायलोला पुरलं त्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं."

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"बोलत होते की," ती म्हणाली. "तू दोरी हातात घेतलीस त्या वर्षापासून ती बरणी कोणासाठी ठेवत होते? म्हटलं, कधीतरी विचारशील."

अडतीस वर्षं मी तिला कोपर मारतेय.